टोळी एक, नावं सतरा! टूल बनवाल, पण रीडमी कोण लिहिणार?

फायनल इयर लागलं की शेगाव असो, खामगाव असो की चिखली, कट्ट्यावर एकच प्रश्न. प्रोजेक्ट काय घेतला रे? लायब्ररी मॅनेजमेंट, अटेंडन्स ॲप वगैरे मोजून झालं की कुणीतरी म्हणतंच, 'सायबर सिक्युरिटीत काहीतरी करू ना यार!'

करा की. एक सोपं टूल आहे. हॅकर टोळीचं नाव टाकायचं, एंटर मारायचं, की तिची कुंडली समोर. तिची बाकीची नावं, तिच्या हल्ल्याच्या पद्धती, ती वापरते ती सॉफ्टवेअर्स. डेटा फुकट मिळतो. मायटर या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेनं 'ॲटॅक' नावाचा माहितीसाठा २०१५ पासून सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. गिटहबवरून फाइल उतरवा, पायथनच्या शंभरेक ओळी लिहा, झालं.

खरी गोची पुढे आहे. टूल बनवणारा रात्र रात्र जागतो आणि त्याचं डॉक्युमेंटेशन मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री, कुणाचं तरी कॉपी मारून. या टूलच्या बाबतीत ते महागात पडू शकतं. कसं, ते पुण्याच्या उदाहरणावरून बघा.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस या जुन्या सहकारी बँकेच्या यंत्रणेत हॅकर्सनी एक बनावट स्विच बसवला होता. एटीएममधून येणारी पैशाची मागणी बँकेच्या खऱ्या सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती, मधला बोगस स्विचच 'मंजूर' म्हणत होता. क्लोन केलेली कार्डं घेऊन माणसं २८ देशांत एटीएमसमोर उभी होती. काही तासांत सुमारे ७८ कोटी परदेशात निघाले, अडीच कोटी भारतात. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टानं ११ जणांना दोषी ठरवलं. पण कट शिजवणारे वेगळेच. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०१९ च्या अहवालात या दरोड्याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. बातम्यांमध्ये नाव आलं 'लाझारस'.

आता आपल्या टूलमध्ये 'लाझारस' टाका. जी००३२ हा क्रमांक येईल आणि सोबत नावांची माळ: हिडन कोब्रा, झिंक, डायमंड स्लीट, लॅबिरिंथ चोलिमा... प्रत्येक कंपनी आपापलं बारसं करते. क्राउडस्ट्राइकला प्राणी आवडतात, रशियन टोळ्या अस्वलं, चिनी टोळ्या पांडा. मायक्रोसॉफ्टनं २०२३ पासून हवामान धरलं, चीन म्हणजे टायफून, उत्तर कोरिया म्हणजे स्लीट. आपल्याकडे नाही का, सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि गावात हाक मारायला तिसरंच? फरक एवढाच, की इथे तिन्ही नावं एकाच माणसाची असतील याची खात्री नसते. कारण एका कंपनीनं पाहिलेले हल्ले आणि दुसरीनं पाहिलेले हल्ले पूर्ण जुळतातच असं नाही. शेवटी २०२५ च्या जूनमध्ये या दोन कंपन्यांनीच नावांचा ताळमेळ लावायला घेतला.

मायटरनं लाझारसच्या पानावरच लिहून ठेवलंय, की उत्तर कोरियाच्या टोळ्यांच्या व्याख्या एकमेकींत बऱ्याच मिसळलेल्या आहेत. बँका लुटण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या एपीटी३८ चं पान तर वेगळंच आहे, जी००८२. एखाद्या बँकेतला पोरगा नुसतं 'लाझारस' शोधून थांबला, तर नेमकं त्याच्या कामाचं पान बघायचं राहून जाईल! माझ्या मते रीडमीत सगळ्यात वर हेच हवं. इन्स्टॉल कसं करायचं ते खाली गेलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनावेळीच यंत्रणा कोलमडली. त्या व्हायरसमध्ये लाझारससारख्या खुणा सापडल्या. मग कॅस्परस्कीच्या संशोधकांनी दाखवलं, की त्या मुद्दाम पेरलेल्या होत्या. २०२० मध्ये अमेरिकेनं त्या हल्ल्यासाठी रशियन लष्करी गुप्तचरांवर आरोप ठेवले. म्हणजे खुणा जुळल्या म्हणून चोर सापडला असं नाही. तुमचं टूल नाव शोधतं, गुन्हेगार नाही. हे वाक्य स्पष्ट लिहिलं नाही, तर उद्या कुणीतरी स्क्रीनशॉट काढून 'अमुक देशानं हल्ला केला' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवेल.

बाकीचं झटपट. डेटा मायटरच्या कुठल्या आवृत्तीतला आणि कुठल्या तारखेचा, ते लिहा, कारण तो अपडेट होत राहतो. स्पेलिंग चुकलं तर टूल काय करतं, तेही. आणि 'काही सापडलं नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही, हे ठळक अक्षरात.

आणि हो, एक प्रत मराठीत लिहा. बुलडाणा अर्बनसारखी संस्था ज्या जिल्ह्यात वाढली, तिथे पतसंस्थेत काम करणारं कुणी ना कुणी तुमच्या ओळखीचं असणारच. बी.कॉम. झालेला मित्र, नाहीतर मावसभाऊ. त्याला लॅपटॉप द्या, रीडमी उघडून द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे अडकून तुमच्याकडे बघेल, ती ओळ पुन्हा लिहायला घ्या.