ग्रामीण नियतकालिक आणि लेखणीचा अधिकार

मराठी वाङ्मयेतिहासात पन्हाळ्याचा उल्लेख येतो तो मोरोपंतांचे जन्मस्थान (१७२९) म्हणून. राजकीय इतिहासात येतो तो मुख्यतः १६६० च्या वेढ्यामुळे. १८४४ साली मात्र या गडाच्या इतिहासाचे कर्ते सामान्य गडकरी होते. गडाच्या चाकरीबद्दल मिळालेल्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे गेली, तेव्हा त्यांनी बंड केले आणि साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यांना पन्हाळ्यावर अटकेत ठेवले. डिसेंबरात इंग्रजी फौजेने गड घेतला. ही हकीकत आज आपणांस कळते ती प्रामुख्याने सरकारी दप्तरातून. गडकऱ्यांची बाजू छापणारे पत्र त्या काळी खेड्यात निघत नव्हते.

या पार्श्वभूमीवर ‘दीनमित्र’ या साप्ताहिकाचे महत्त्व ध्यानात येते. सत्यशोधक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांचे पुत्र मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) यांनी ते १९१० मध्ये सुरू केले आणि अहमदनगर जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून १९६७ पर्यंत चालविले. खेड्याविषयी शहरात लिहिले जाणे आणि खेड्यातच लिहून छापले जाणे, यांत मूलभूत भेद आहे. पहिल्यात खेडे हा विषय असतो, दुसऱ्यात तेच वक्ता होते.

पूर्वी गावातील लेखनाची सूत्रे कुलकर्ण्याकडे असत. जमीन, वसूल, थकबाकी यांची नोंद तोच ठेवी. निरक्षर रयतेला ती पडताळता येत नसे. मुकुंदरावांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ (१९१३) नेमक्या याच सत्तेवर रोख धरते. पोथीचा ओवीबद्ध साज त्यांनी हेतुतः स्वीकारला, कारण पोथी ऐकण्याची सवय निरक्षर श्रोत्यालाही होती. पुढे १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात, म्हणजे पन्हाळ्याच्या परिसरातही, कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. एकाच प्रश्नाला तरवडीत वाङ्मयाने आणि कोल्हापुरात राज्यकारभाराने हात घातला होता.

गावाचा गौरव हे ग्रामीण नियतकालिकाचे एक प्रयोजन खरेच. परंतु केवळ गौरवाने गावाचा इतिहास पूर्ण होत नाही. पन्हाळ्याचे उदाहरण घेतल्यास, वेढ्याची वीरगाथा आणि जोतिबाच्या चैत्री यात्रेचे वर्णन यांबरोबरच गडकऱ्यांच्या जमिनींचे काय झाले, हेही तेथे नोंदले गेले पाहिजे. ज्यांची नोंद एरवी दुसऱ्याच्या दप्तरात होते, त्यांच्या हाती लेखणी देणे, हाच अशा नियतकालिकाच्या मूल्यमापनाचा खरा निकष होय.