एक शब्द वाचायला काय काय लागतं?

नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. राळेगणसिद्धीच्या या पंचसूत्रीने पारनेर तालुक्यातल्या एका दुष्काळी गावाचं रूप कसं पालटलं, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. वाचायला शिकवणाऱ्या माणसाला मात्र याच पाच शब्दांत आणखी एक नवल दिसतं. दुसरीतलं पोर हे शब्द वाचतं, तेव्हा त्याच्या डोक्यात केवढी खटपट चाललेली असते!

नुसता ‘र’ घ्या. ‘राळेगण’मध्ये तो सरळ उभा आहे. ‘श्रमदान’मध्ये ‘श’च्या पोटात तिरकी रेघ होऊन बसला. ‘कुऱ्हाड’मध्ये ‘ह’च्या आधी आकडा होऊन लोंबकळतो आणि ‘वर्गा’त गेला की थेट डोक्यावर चढतो. ‘मुलाला र येतो’ असं आपण सहज म्हणून जातो. पण यांतला कोणता?

आता ‘सिद्धी’ पाहा. डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, तोंडाने मात्र ‘स’ आधी म्हणायचा. ‘बंदी’तलं टिंब ‘न’सारखं वाजतं, ‘कुटुंब’मधलं ‘म’सारखं. म्हणजे टिंबाचा उच्चार ठरवायला नजर पुढच्या अक्षरावर जाऊन यावी लागते. ‘श्रमदान’मध्ये ‘म’ आणि ‘न’ पूर्ण लिहिलेले असतात, पण बोलताना दोघांतलाही ‘अ’ गळतो. तो कुठे गाळायचा, याची खूण कागदावर नसते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले ‘च’ वेगळे, हेही लिपी सांगत नाही. ‘चराई’तला ‘च’ शेळ्यांमागे हिंडलेलं पोर बिनचूक म्हणतं, कारण तो शब्द त्याच्या कानात आधीच मुरलेला असतो. वाचनाची निम्मी तयारी अशी पाटी हातात येण्यापूर्वीच, घरातल्या आणि शिवारातल्या बोलण्यात होते.

एवढं सगळं सांभाळायला मेंदूत निसर्गाने वेगळी सोय केलेली नाही. बोलणं फार जुनं. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. फ्रेंच शास्त्रज्ञ स्टानिस्लास देहान यांची मांडणी अशी, की वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेतला डाव्या बाजूचा थोडा भाग शिकता शिकता अक्षरांच्या कामाला जुंपला जातो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या, सहा महिने देवनागरी शिकवली गेली. नंतरच्या तपासणीत मेंदूच्या वरच्या थराबरोबरच पार आतल्या थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभापर्यंत बदल आढळल्याचं संशोधकांनी नोंदवलं. तिशी गाठलेला मेंदूसुद्धा काना-मात्रा-वेलांटीसाठी नव्याने जोडण्या करतो!

आम्हा शिक्षकांची अडचण अशी, की आम्हाला वाचता येतं. एकदा वाचन अंगवळणी पडलं की त्यातले खाचखळगे दिसेनासे होतात आणि मग मुलाची चूक हा निष्काळजीपणा वाटतो. खरं तर चुकीलाही हिशेब असतो. ‘श्रमदान’ला ‘शरमदान’ म्हणणाऱ्या मुलाला श, र, म तिन्ही येतात आणि जोडाक्षरात र आहे हेही कळलेलं असतं. फक्त ‘श’मधला ‘अ’ गाळायचा राहतो. ‘नशाबंदी’ला ‘नसबंदी’ म्हणणारं मूल सुरुवातीचा ‘न’ आणि शेवटची ‘बंदी’ पाहून मधलं अंदाजाने भरतं. दोघांच्याही नावापुढे ‘वाचता येत नाही’ असाच शेरा पडतो. पण पहिल्याला जोडाक्षरांचा सराव हवा, दुसऱ्याला शब्दाच्या मध्यावर नजर ठेवायची सवय.

हे बारकावे मराठीत ज्यांनी निगुतीने अभ्यासले, त्यांत मॅक्सिन बर्नसन यांचं नाव अग्रभागी आहे. अमेरिकेत जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाई फलटणला स्थायिक झाल्या आणि 1978 साली त्यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. 34 व्यंजनं आणि प्रत्येकाची 12 रूपं धरली तर बाराखडीची 408 घरं होतात. ती सगळी घोकून झाल्यावर मग शब्द, असा जुना क्रम होता. बर्नसन यांच्या पद्धतीत थोडी अक्षरं आणि थोडी स्वरचिन्हं एकत्र येतात, त्यामुळे मूल सुरुवातीपासूनच अर्थ असलेले शब्द वाचू लागतं.

राळेगणच्या शाळेचा लौकिक वेगळ्याच कारणाने झाला. इतरत्र नापास झालेल्या मुलांना तिथे मुद्दाम प्रवेश दिला जाई. नापास हा निकाल झाला. मूल नेमकं कुठे अडलं, ते त्यातून कळत नाही. ते शोधायचं काम शिक्षकाचं आणि त्याची वाढ मोजायचीच तर इथेच मोजावी. नोकरीला वर्षं किती झाली, प्रशिक्षणं किती केली, हे सेवापुस्तकात असतंच. पुढच्या शिक्षण परिषदेत एकमेकांना एवढंच विचारून पाहावं: तुमच्या वर्गातल्या ‘न वाचणाऱ्या’ मुलाला काय काय वाचता येतं? या प्रश्नाला दोन-चार वाक्यांत नेमकं उत्तर देता आलं, तर त्या मुलाला उद्या काय शिकवायचं ते त्यातच आलेलं असेल.