परमुलखातील कृतज्ञता

इटलीतील तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक तुकडी शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सारे सहकारी ठार वा जायबंदी झाले असता 22 वर्षांच्या नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने ती तोफ बंद पाडली आणि तेथेच देह ठेवला. त्याच खोऱ्यातील मोंतोने या लहानशा नगराने जुलै 2023 मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली नांदतो, अशा आशयाचे वचन त्यावर कोरलेले आहे. नात्याचा नव्हे, भाषेचाही नव्हे, अशा शिपायाचे ऋण त्या नगराने 79 वर्षांनीही मानले!

आमच्या यवतमाळात पलटणीचे ठाणे नाही, हे खरे. परंतु सप्टेंबर 2016 मधील उरीच्या हल्ल्यात वणी तालुक्यातील जवान धारातीर्थी पडला. पलटण बिहारची होती, पुत्र आमचा होता. अंत्ययात्रेची गर्दी त्याच सायंकाळी ओसरते. घरातील रिकामी जागा मात्र जन्मभर राहते. हारतुरे व भाषणे म्हणजे सन्मान नव्हे. दरवर्षी त्या तिथीला गावाने वीरमातेच्या दारी जाऊन तिची विचारपूस करावी, हाच खरा नागरी सत्कार होय. परक्यांना जे सुचले, ते आपणांस सुचू नये काय?