खरं सांगता येतं तो डॉक्टर

सिल्लोडहून मानसोपचाराला जायचं म्हणजे बहुतेकांना छत्रपती संभाजीनगरचाच रस्ता. साठ-पासष्ट किलोमीटर जायचं, रोज बुडवायचा, म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टर कसा ते ठरवायची घाई होते. चुलत्यांबरोबर गेलो, तेव्हा पहिल्या भेटीत निम्माच अंदाज आला.

केबिनमध्ये शिरताच मीच सुरू झालो : झोप नाही, जेवण नाही, चिडचिड फार. डॉक्टरांनी मला हातानंच थांबवलं आणि काकांना विचारलं, "पहाटे जाग किती वाजता येते? मग पडल्या पडल्या डोक्यात काय चालतं?" काका बोलू लागले. पुढं मला बाहेर बसवलं. रुग्णाची गोपनीयता २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातच आहे. पण आपल्याकडं सोबतचा माणूस उठत नाही, त्याला उठवावं लागतं.

परत आत बोलावल्यावर मला एकच प्रश्न : "फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?" कुलपात ठेवा, किल्ली काकांकडं नको, असं बजावलं. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ होईल, मनानं बंद करू नका, हे मात्र काकांनाच समजावलं.

उरलेला निम्मा अंदाज पुढच्या भेटीत. गोळ्या नियमित चालू आहेत का, यावर मी "हो" म्हणालो, काका म्हणाले, "नाही. मधी सोडल्या व्हत्या. सकाळी गुंगी राहती, पंप पाठीवर घेववत नाही." डॉक्टर रागावले नाहीत. कोणती गोळी कधी घेता ते विचारून त्यांनी वेळ बदलून दिली.

आठ दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलण्यात अर्थ नाही. पण तो पेशंटकडं न बघता चिठ्ठी लिहीत असेल, शंका विचारली की खेकसत असेल, तर जरूर बदलावा. जुन्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद न्यावेत. आपली वैद्यकीय नोंद मागायचा हक्कही त्याच कायद्यानं दिलाय. नव्या डॉक्टरची भेट होईपर्यंत चालू गोळ्या परस्पर तोडू नयेत. संभाजीनगरात घाटी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. जाणं जमत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ वर फुकट बोलता येतं.

बसमध्ये मी काकांना विचारलं, "ह्यांच्याकडंच चालू ठेवायचं का?" ते म्हणाले, "ठेवू. गोळी चुकली तरी ह्यांना सांगता येतं."