श्वासाचे यंत्र घरी आल्यावर

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखान्यांचा धूर आणि रस्त्यांची धूळ आहेच. किराणा-मसाल्याच्या दुकानात तिला मिरची-पिठाची भर पडते. त्यामुळे सीओपीडी हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच आजार, ही समजूत निर्व्यसनी घरांची दिशाभूल करते.

आजार बळावला की फुप्फुसांना कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे जड जाते. सकाळी डोके दुखते, पेढीवर बसल्या बसल्या डुलकी लागते, मुरलेल्या व्यापाऱ्याचाही हिशेब चुकू लागतो. घरचे मात्र वयाकडे बोट दाखवतात. धमनीतील रक्ताच्या तपासणीत खरे कारण कळते. अशा काही रुग्णांना डॉक्टर रात्री बायपॅप लावण्यास सांगतात. घशात नळी न घालता, श्वास घेताना अधिक व सोडताना कमी दाब देऊन हे यंत्र थकलेल्या स्नायूंचा भार उचलते. जर्मनी-ऑस्ट्रियातील १९५ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचारांवरील ३३ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले. यंत्राची जोड मिळालेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते.

सर्वांत घातक घोटाळा ऑक्सिजनचा. ऑक्सिमीटरवर ९० दिसताच घाबरून ऑक्सिजन वाढवला जातो. पण अशा रुग्णांत सहसा ८८ ते ९२ हीच मर्यादा राखायची असते. त्यापलीकडे कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. वाढलेला आकडा पाहून घर निर्धास्त होते, हे अधिक वाईट.

यंत्राचे भाडे घासाघीस करून ठरवणारी घरे त्यातील नोंदी डॉक्टरांना दाखवायला विसरतात! रात्री किती तास वापर झाला, मुखवट्यातून हवा किती गळली, हे त्यातच कळते. गळती थांबवण्यासाठी पट्टा करकचून आवळला तर नाकावर जखम होते. त्यापेक्षा मुखवट्याचे माप बदलून घ्यावे. मुखवट्याची किंवा नळीची बारीक छिद्रे मात्र कधीही बुजवू नयेत, उच्छ्वास तेथूनच बाहेर पडतो. इन्व्हर्टरवर यंत्र किती तास चालते, हे दुरुस्तीसाठी वीज बंद असलेल्या एखाद्या गुरुवारी दिवसाच पाहून ठेवावे.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याची रीत येथे उपयोगी पडते, कारण भरल्या पोटी मुखवटा लावणे धोक्याचे. ह्युमिडिफायरमध्ये मात्र उकळून गाळलेले नव्हे, डिस्टिल्ड पाणीच घालावे. चौविहाराचे पच्चक्खाण असलेल्यांनी रात्रीच्या औषधांविषयी आणि कोरड्या पडणाऱ्या घशाविषयी डॉक्टरांशी व गुरुमहाराजांशी आधीच बोलून ठेवावे.

हाक मारूनही रुग्ण नीट जागा होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. यंत्र आणि मुखवटा सोबत न्यावा.