जुन्या हायब्रीड मोटारीतील ब्रेक-इशाऱ्याचे निदान
२००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये पेडलचा दाब एरवी थेट चाकांपर्यंत पोहोचत नाही. सेन्सर तो मोजतात आणि पंपाने ॲक्युम्युलेटर या दाबसंचायकात साठविलेला द्रवदाब चाकांना पुरविला जातो. त्यामुळे इशारादिवा लागल्यावर केवळ ब्रेक-पॅड तपासणे अपुरे ठरते. प्रथम ब्रेक-ऑइलची पातळी व १२ व्होल्टची बॅटरी तपासून नंतर संगणकातील दोषसंकेत वाचावेत. ‘सी १३९१’ हा संकेत संचायकातील दाबगळती सुचवितो. पेडल न दाबताही पंप वारंवार सुरू होत असल्यास अंतर्गत गळतीची शक्यता बळावते. साठविलेला दाब नाहीसा झाल्यास पायाचा दाब केवळ पुढच्या चाकांना मिळतो व थांबण्याचे अंतर वाढते. म्हणून संकेत पुसून वाहन चालवीत राहणे हे निदान नसून धोक्यास निमंत्रण होय.