यकृताचा प्रगत विकार आणि पोषणस्थिती

दिल्लीत यमुनेच्या पूर्वेस वसलेल्या मयूर विहारमधील यकृतरुग्णाला तज्ज्ञ उपचारांसाठी फार दूर जावे लागत नाही. नदीपलीकडे मध्य दिल्लीत गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे, तर वसंत कुंज येथे दिल्ली सरकारने स्थापन केलेली यकृत व पित्तविज्ञान संस्था आहे. मात्र रुग्णालयाच्या दोन भेटींमधील काळ रुग्ण घरीच काढतो. या काळात तो काय खातो व त्याचे स्नायू किती टिकून राहतात, यावर आजाराची पुढील वाटचाल मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

मोजमापाचा इतिहास

यकृतातील निरोगी ऊतींची जागा व्रणासारख्या तंतुमय ऊतींनी घेतली, की त्या अवस्थेस सिरोसिस म्हणतात. अशा रुग्णांवरील शस्त्रक्रियेतील धोका ठरविण्यासाठी चाइल्ड व टर्कॉट यांनी १९६४ मध्ये पाच निकष सुचविले : बिलिरुबिन, अल्ब्युमिन, जलोदर, मेंदूवरील परिणाम आणि पोषणस्थिती. १९७३ मध्ये पग व सहकाऱ्यांनी पोषणस्थिती वगळून रक्त गोठण्याच्या कालावधीचा समावेश केला. पोषणाचा निकष वैद्याच्या अंदाजावर अवलंबून होता, तर रक्ताची तपासणी निश्चित आकडा देत होती. अमेरिकेत २००२ पासून यकृत प्रत्यारोपणाचा अग्रक्रम ठरविणाऱ्या ‘मेल्ड’ गुणांकातही पोषणाला थेट स्थान मिळाले नाही. त्यामुळे पोषण गुणपत्रिकेतून बाहेर पडले. परंतु रुग्णाच्या जीवनमरणाशी असलेला त्याचा संबंध तुटला नाही. स्नायूंचा ऱ्हास झालेल्या रुग्णांमध्ये जंतुसंसर्ग, रुग्णालयातील दीर्घ वास्तव्य आणि मृत्यू यांचे प्रमाण अधिक असते, असे नंतरच्या अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

स्नायू का झिजतात ?

निरोगी यकृत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा साठा करते आणि रात्रीच्या उपाशी काळात तो वापरला जातो. सिरोसिसमध्ये हा साठा अपुरा पडतो. परिणामी एका रात्रीच्या उपवासातच शरीर चरबी व स्नायूंतील प्रथिने वापरू लागते. निरोगी व्यक्तीत ही अवस्था दोन-तीन दिवसांच्या उपासमारीनंतर येते. जलोदरामुळे पोट लवकर भरल्यासारखे वाटते आणि आहार आणखी घटतो. दुसरीकडे, आजारी यकृताला न पेलणाऱ्या अमोनियाचा काही भाग स्नायू निकामी करतात. साहजिकच स्नायू घटले की मेंदूवरील परिणामाचा धोका वाढतो.

वजनकाटा येथे दिशाभूल करू शकतो. पोटात व पायांत साचलेल्या पाण्यामुळे वजन कायम राहते किंवा वाढतेही. स्थूल रुग्णात चरबीखाली स्नायूंचा ऱ्हास झाकला जातो. म्हणून हाताच्या पकडीची ताकद, खुर्चीवरून वारंवार उठण्याची क्षमता, दंडाचा घेर आणि आवश्यक तेथे सीटी स्कॅनवरील स्नायूंचे क्षेत्रफळ यांचा आधार घेतला जातो.

आहाराविषयीचा गैरसमज

मेंदूवर परिणाम होईल या भीतीने रुग्णाची डाळ, दूध, पनीर बंद करण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. आजची मार्गदर्शक तत्त्वे याच्या उलट सांगतात. सर्वसाधारणपणे शरीराच्या प्रत्येक किलोमागे दररोज ३० ते ३५ किलोकॅलरी ऊर्जा आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आवश्यक मानली जातात. साचलेले पाणी वगळता ज्याचे वजन ६० किलो आहे, अशा रुग्णासाठी हे प्रमाण १,८०० ते २,१०० किलोकॅलरी व ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने इतके होते.

या संदर्भात गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. मेंदूवर सौम्य, सहज लक्षात न येणारा परिणाम झालेल्या १२० सिरोसिसग्रस्तांपैकी निम्म्यांना सहा महिने पुरेशी ऊर्जा व वनस्पतिजन्य प्रथिने असलेला आहार देण्यात आला. त्यांच्यापैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांत हा परिणाम दूर झाला. नेहमीचा आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. डाळी, चणे व दुग्धजन्य पदार्थ भारतीय स्वयंपाकघरात सहज उपलब्ध असल्याने या निष्कर्षाचे मोल अधिक आहे. थोडे थोडे अनेकदा खाणे, झोपण्यापूर्वी अल्पोपाहार घेणे आणि दीर्घ उपवास टाळणे, हेही उपचाराचेच भाग ठरतात. अर्थात, मीठ व आहाराचे नेमके प्रमाण वैद्य व आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच ठरवावे लागते.

धोरणात्मक दिशा

२८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मद्यपानाशी संबंध नसलेल्या मेदयुक्त यकृतविकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात करण्यात आला. या दोन्ही उपक्रमांचा भर प्रतिबंध व लवकर निदान यांवर आहे. मात्र ज्यांचा आजार प्रगत अवस्थेत पोहोचला आहे, त्यांच्यासाठी पोषणाची नियमित तपासणी प्राथमिक आरोग्यसेवेपर्यंत नेणे गरजेचे आहे. प्रत्यारोपण खर्चिक आहे आणि दात्यांची संख्या मर्यादित आहे. याउलट, पकडीची ताकद मोजण्यास छोटेसे उपकरण पुरते आणि आहारात सुधारणा घरीच करता येते. रोगाचे भवितव्य सांगणाऱ्या निकषांपैकी पोषणस्थिती हा रुग्ण व त्याच्या कुटुंबाच्या प्रयत्नांनी बदलू शकणारा निकष आहे, हेच त्याचे खरे महत्त्व होय.